धर्मादाच्या कापसाची रजई

मी एक जुनी रजई आहे, लाल खारव्याची. तो जाडाभरडा खारवा एके काळी चांगला लालभडक होता. आता माझा रंग नेमका कोणता, यावर घरात दोन मते आहेत.

मित्रांनो, मला नुसते पांघरूण समजू नका. मी एक देणगी आहे, आणि तीही साधीसुधी नाही, चळवळीला दिलेली देणगी आहे. त्यामुळे जन्मापासून मला एक खोड लागली. कुणी कुणाला काही देताना दिसले की मला राहवत नाही. हे कुणाचे, कशासाठी, आणि देणाऱ्याचे डोळे देऊन झाल्यावर कुठे बघत आहेत, हे सगळे जाणून घ्यावेसे वाटते. रजईला इतक्या चौकशा कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्यावरूनच एक भांडण झाले होते, ते ऐका म्हणजे कळेल.

माझा जन्म जालन्याच्या मोंढ्यात, धान्य-कापसाच्या बाजारात, कचरूलाल शेटजींच्या अडतीवर झाला. शेटजींचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात अजून मारवाडी चालायची, पण ओट्यावर आले की शेटजी गाडीवानांच्या बोलीत त्यांच्याइतकेच सफाईने बोलत. अडतीच्या मागे त्यांची स्वतःची सरकी काढायची जिन होती. हंगामात गाड्यांची रांग पार वेशीपर्यंत जायची आणि हवेत कापसाचे इतके तंतू उडायचे की माणसांच्या मिशा पिकल्यासारख्या दिसायच्या.

तिथे एक जुनी रीत होती. कापसाचा काटा झाला की मुनीम गाडीतून एक मूठ कापूस उचलायचा आणि मागच्या कोठ्यात टाकायचा. ती धर्मादाची मूठ. तिचे पैसे शेतकऱ्याला मिळत नसत आणि तो मागतही नसे. हंगाम संपला की त्या ढिगातून गोरक्षणाच्या गाईंना चारा आणि रस्त्यावरच्या पाणपोईला रांजण यायचे. शेटजींच्या आई इचरजबाई त्या कोठ्यावर ससाण्यासारखी नजर ठेवून असत. धर्मादाच्या कापसाची देवापुढची वातसुद्धा त्या घरात वळू देत नसत. एकदा सुनेने उशीत भरायला चिमूटभर कापूस मागितला, तर म्हणाल्या, "तो आपला न्हाई, बाई. आपन फक्त सांभाळून राह्यलो."

मी तेव्हा त्या कोठ्यात नुसता कापूस होते. भोकरदन, अंबड, कुठकुठल्या शिवारांतल्या मुठी एकमेकींना चिकटून पडलेल्या. केदारखेड्याच्या पुंजारामची मूठही त्याच हंगामात येऊन पडली. हा पुंजाराम उंच, अबोल, हिशेबात कच्चा आणि शब्दाला पक्का. त्याने मुनिमाला मूठ उचलताना पाहिले आणि बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. एवढाच त्याचा आणि त्या मुठीचा निरोप.

ते साल सत्तेचाळीसचे. बाकीच्या देशात स्वातंत्र्य आले होते. आमच्याकडे मात्र निजाम सरकारचाच अंमल होता. संस्थानाने हिंदुस्थानात सामील व्हावे म्हणून चळवळ पेटली होती, आणि चळवळीतली माणसे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात छावण्या करून राहत होती. अशा दिवसांत पैसेवाल्या माणसाकडे सगळ्यांचेच पाय वळतात. एके दिवशी सकाळी कचेरीतला माणूस सरकारी फंडासाठी आला. शेटजींनी हसतमुखाने रक्कम दिली आणि पावती भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी टांगली. त्याच दिवशी दुपारी मागच्या दाराने बद्रीनाथ गुरुजी आले. भोकरदनच्या शाळेतली नोकरी सोडून ते चळवळीत पडले होते.

"शेटजी, पोरं उघड्यावर झोपून राह्यलीत. काही तरी द्या," गुरुजी म्हणाले.

शेटजींनी आधी दार लावले. "गुरुजी, खरं सांगतो. नगद दिलं अन् नाव फुटलं, तर जिनला कुलूप लागंल. अन् न्हाई दिलं, तर उद्या तुमचं राज्य आल्यावर तुमी मला ओळखनार न्हाई."

मला या बोलण्याची गंमत वाटली. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी माणसे बहुधा ते कबूल करत नाहीत. शेटजींनी तोंडावर सांगून टाकले. मग मान वळवून त्यांनी कोठ्याकडे, म्हणजे आमच्याकडे पाहिले.

संध्याकाळी त्यांनी आईला विचारले, "मां, धर्मादातून चळवळीला दिलं तर चालंल का?"

इचरजबाई बराच वेळ जपमाळ ओढत बसल्या. एकीकडे गाई, दुसरीकडे पोरे. शेवटी म्हणाल्या, "थंडीतल्या पोराच्या अंगावर घातलं तर तो बी धर्मच. दे. गाईंना औंदा चारा आपन घरातून घालू. पन ध्यानात ठेव, हे आपलं देनं न्हाई."

"बराबर हाय, मां," शेटजी म्हणाले. ते बोलले तेव्हा मनापासूनच बोलले असावेत. आणि गाईंच्या चाऱ्याचे तर ते लगेचच विसरले.

मग आमची सरकी निघाली. पिंजाऱ्याने धनुकली घेऊन आम्हाला असे पिंजले की कुणाची मूठ कुठली हे कुणालाच सांगता येऊ नये. मला मात्र येते. पुंजारामची मूठ माझ्या उजव्या कोपऱ्यात आहे. खारवा शेटजींच्या दुकानातला होता, तो त्यांनी खरोखरच स्वतःच्या गाठोड्यातून काढून दिला. इचरजबाई आणि शेजारच्या बायका दुपारभर ओसरीत बसून माझ्यासारख्या बऱ्याच रजयांना टाके घालत. इचरजबाईंचा टाका तिरपा पडायचा. माझ्या अंगावर तो अजून ओळखू येतो.

आता या रजया सरहद्दीपलीकडे न्यायच्या कशा? वाटेत धावड्याला करोडगिरीचा नाका होता. तिथे जकातीसाठी गाडीतला जिन्नस न् जिन्नस तपासत. शेटजींना एक युक्ती सुचली. त्यांची बहीण वऱ्हाडात दिलेली होती आणि तिच्या मुलीचे लग्न ठरले होते. मारवाडी घरात अशा वेळी मामाकडून मायरा जातो, म्हणजे कपडे, भांडी, पांघरुणे असा गाडीभर आहेर. त्या आहेरात आम्हाला घातले. सगळ्यांत वर इचरजबाई ओढणी सारखी करून बसल्या आणि शेटजी गाडीबरोबर चालू लागले.

नाक्यावर कारकुनाने नेमकी मलाच ओढून काढली. उलटी केली, दाबली, झटकली. आत लपवलेले काही हाताला लागते का बघत होता. शेटजींच्या तोंडचे पाणी पळाले होते. इतक्या रजया एका लग्नाला कशाला, एवढे जरी त्याच्या डोक्यात आले असते, तरी जिन गेली असती आणि शेटजी तुरुंगात गेले असते. इचरजबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हळू रे, दादा. पोरांच्या अंगावर घालायच्या हायेत. थंडी लई पडून राह्यली."

कारकुनाने मला नीट घडी करून परत दिली. त्या बाईला खोटे बोलता येत नसे, आणि त्या दिवशी तिला ते बोलावेही लागले नाही.

छावणी एका आमराईत होती. तिथे मी कुणाच्या वाट्याला यावे? पुंजारामच्या. तोही घरदार गोजरबाईवर टाकून चळवळीत आला होता. गोजरबाई म्हणजे त्याची बायको. आल्या आल्या त्याला हिवतापाने धरले. दात इतके वाजायचे की शेजारचे जागे व्हायचे. मी त्याच्या अंगावर होते आणि जमेल तेवढी ऊब देत होते. ताप उतरला तेव्हा त्याने विचारले, "गुरुजी, ही रजई कुनी धाडली?"

"जालन्याच्या कचरूलाल शेटजींनी," गुरुजींनी सांगितले. त्यांना तेवढेच ठाऊक होते.

"मानूस मोठा हाय," पुंजाराम म्हणाला. "हे इसरता यायचं न्हाई."

मित्रांनो, रजईला तोंड नसते याचे दुःख मला त्या दिवशी जितके झाले तितके पुन्हा कधी झाले नाही. अरे वेड्या, तुझीच मूठ तुझ्या अंगावर आहे, एवढेच मला सांगायचे होते.

पुढच्या वर्षी ऐन गणपतीत पोलीस कारवाई झाली आणि चार-पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. पुंजाराम मला खांद्यावर टाकून केदारखेड्याला आला. ते माझे कौतुकाचे दिवस. येणाऱ्याजाणाऱ्याला मी दाखवली जाई, म्हाताऱ्या माझ्यावरून हात फिरवीत. गोजरबाईने मला उन्हात घातले, काठीने झोडपले आणि जिथे शिवण उसवली होती तिथे चार सरळ टाके घातले. ती बोलायला फटकळ होती, पण तिचा हात मऊ होता.

मग कंट्रोलच्या दुकानाचा प्रश्न आला. रॉकेल, कापड, साखर सगळे मापून मिळणार होते आणि त्याचे दुकान कुणाला द्यायचे हे ठरवायला समिती बसणार होती. समितीवर बद्रीनाथ गुरुजी होते. केदारखेडा आणि आसपासच्या गावांसाठी दोन अर्ज होते. एक गावाचा, दुकान गावातच काढून गावानेच चालवावे असा. दुसरा कचरूलाल शेटजींचा, सगळा माल त्यांच्या जालन्याच्या अडतीवरून द्यावा असा. गुरुजींनी निरोप धाडला की गावातून छावणीत गेलेला माणूस पुंजाराम, तेव्हा त्याचे मत धरू.

त्या सकाळी नवराबायकोची चांगलीच जुंपली. मी दोरीवर वाळत होते, त्यामुळे एकही शब्द माझ्या कानांतून सुटला नाही.

"रॉकेल शेटजीच्या अडतीवर गेलं, की कापूस बी त्याच्याच काट्यावर न्यावा लागन," गोजरबाई म्हणाली. "दुसऱ्याकडं नेला तर म्हनन, रॉकेल संपलं. तुमाला दिसत न्हाई का?"

"दिसतं," पुंजाराम म्हणाला.

"मंग?"

"हिच्यामुळं जगलो, गोजर. त्या मानसानं जिनवर पानी सोडायची तयारी ठेवून ही धाडली. आता तो मागून राह्यला, तर मी तोंड फिरवू का?"

"एका रजईपायी समदं गाव बांधून देता?"

पुंजारामने माझ्याकडे पाहिले. मला फार वाईट वाटले. मी त्याला थंडीतून सोडवले आणि आता मीच त्याच्या मानेवर बसले होते.

समिती मारुतीच्या पारावर बसली. गुरुजी आले, गाव जमले, बायका भिंतीच्या सावलीला उभ्या राहिल्या. इतक्यात शेटजींची दमणी, छपराची बैलगाडी, आली. आत इचरजबाई होत्या. त्या थकल्या होत्या, दिसतही कमी होते. शेटजींनी त्यांना काय सांगून आणले होते ते मला माहीत नाही, पण कशासाठी आणले होते ते उघड होते. रजया त्यांनी शिवल्या होत्या, नाका त्यांनी पार केला होता, आणि त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवणारा माणूस जिल्ह्यात नव्हता. पुंजारामने धावत जाऊन दोरीवरून मला आणले आणि त्यांच्यासाठी पारावर अंथरले.

शेटजी उभे राहिले. नम्रपणे बोलले, खाली बघून बोलले. "आपला कुनावर दाब न्हाई. पन अडचनीच्या वक्ताला कोन उभं राह्यलं, याचा इचार व्हावा. अन् उद्या निवडनुका येतील. सभा होतील, गाड्या लागतील, खर्चा लागंल. तवा बी आपला हात आखडता ऱ्हानार न्हाई."

गुरुजींनी चष्मा पुसला. चांगला माणूस होता तो, पण चळवळ चालवून चालवून त्यालाही कळून चुकले होते की सभेचा मांडवसुद्धा फुकट पडत नाही. "शेटजींचं म्हणणं वावगं नाही," ते म्हणाले. "देणाऱ्याची आठवण ठेवली नाही, तर पुढं कोण देईल? पुंजाराम, तुमचं काय?"

पुंजाराम उठला. तो आधी शेटजींकडे, मग गोजरबाईकडे बघू लागला.

शेटजींना वाटले, अजून थोडा जोर लावावा. ते आईकडे वळले. "मां, तुमीच सांगा ना. आपन रजया कशा दिल्या, गावाला सांगा."

इचरजबाईंचा हात माझ्यावरून फिरत होता. तिरपा टाका त्यांच्या बोटांना सापडला होता आणि त्या खूश झाल्या होत्या. "ही तर आपलीच," त्या म्हणाल्या. "काय सांगू, बाई. धर्मादाचा कापूस होता, म्हनून तर मी टाके घातले. ह्यानं इचारलं, मां, गाईंऐवजी पोरांना दिलं तर चालंल का? मी म्हनलं, दे. समदी पुन्न्याई मुठीमुठीनं आल्ती ना."

शेटजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण म्हातारीला तो दिसत नव्हता. तिच्या हिशेबी तिने मुलाची मोठीच तारीफ केली होती. कापूस धर्मादाचा होता हे लपवण्यासारखे काही आहे, हेच तिच्या डोक्यात आले नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात आपली आई काय सांगेल हे शेटजींना कळू नये, याचे मला अजून नवल वाटते. मला वाटते, रजया आपणच दिल्या असे सांगता सांगता ते त्यांनाच खरे वाटू लागले होते.

भिंतीच्या सावलीतून गोजरबाईचा आवाज आला. "मंग मांजी, दिलं कुनी?"

"कुनी म्हंजी? तुमी. ज्यांच्या ज्यांच्या गाड्या काट्यावर आल्या, त्या समद्यांनी." इचरजबाईंनी माझा खारवा चाचपला. "कपडा आमचा. गाडी आमची. अन् नाक्यावर ह्याची छाती धडधडली, ती ह्याची. तेवढं ह्याचं बिलकुल हाय. पन हे आज काहून इचारता?"

गुरुजींनी हळू आवाजात दुकानाचे सांगितले.

म्हातारीने ऐकून घेतले. मग आवाज न चढवता, घरात विचारावे तसे तिने विचारले, "धर्मादा दाखवून दुकान मागून राह्यला का रे, कचरू?"

शेटजींनी मान खाली घातली. कचेरीच्या माणसाला हसून पैसे देणारा तो माणूस आईपुढे एवढेच म्हणाला, "इसरलो, मां."

इचरजबाई माझ्यावरून उठल्या आणि नुसत्या दगडावर जाऊन बसल्या. त्या उठल्या तेव्हा माझे अंग एकदम हलके झाले, आणि पुंजारामचेही झाले असावे, कारण त्याला आता बोलता आले. "दुकान गावाला द्या, गुरुजी," तो म्हणाला. "माझं मत ते हाय." गुरुजींनी मान डोलावली. तीही जरा ओशाळलेली होती.

शेटजी दमणीकडे निघाले, तसा पुंजाराम त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. मला वाटले, आता टोचून बोलणार. पण तो म्हणाला, "शेटजी, तुमची छाती धडधडली, त्याचं देनं माझ्याकडं हाय. जेवल्याबिगर जाऊ नका."

त्या दुपारी शेटजींनी आमच्या ओट्यावर बसून गोजरबाईच्या हातची भाकरी आणि पिठले खाल्ले. पहिले दोन घास त्यांनी खाली बघून खाल्ले. तिसऱ्या घासाला त्यांनी मिरची मागितली. इचरजबाईंनी मात्र ताकाशिवाय काही घेतले नाही. गाईंचा चाराही विसरल्याचे शेटजींनी त्यांना सांगून टाकले होते, आणि जितका कापूस रजयांत गेला तितका घरच्या गंजीतून काढून गोरक्षणाला पोचेपर्यंत त्या जेवणार नव्हत्या. तो दुसऱ्याच दिवशी पोचला, असे नंतर कळले. पोचवायला शेटजी स्वतः गेले होते.

नवा हंगाम आला. पुंजाराम कापसाची गाडी घेऊन जालन्याला निघाला आणि धुरीवर, गाडीवानाच्या जागी, बसायला मला घातले. गेला तो कचरूलालच्याच अडतीवर. आता सक्तीने नव्हे, आपल्या मर्जीने. काटा झाला. मुनिमाचा हात सवयीने गाडीकडे आला आणि पुंजारामने तो अलगद धरला.

"ही मूठ कुठं जानार?"

हा प्रश्न मुनिमाला आजवर कुणी विचारला नव्हता. गादीवरून शेटजी उठून आले. मी जीव मुठीत धरून बघत होते.

"बराबर इचारलं," शेटजी म्हणाले. "तुमीच सांगा, कुठं जाऊ दे?"

आता पुंजारामची पंचाईत झाली. आयुष्यभर मूठ दिली, पण ती कुठे जावी हे त्याला कधी कुणी विचारले नव्हते. तो बैलांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मागे गाड्या खोळंबल्या होत्या आणि गाडीवानही माना उंचावून ऐकत होते. शेवटी तो म्हणाला, "गोजरला इचारून सांगतो. तवर ठिवा."

ती मूठ मुनिमाने ओट्यावर वेगळी ठेवली, आणि मागच्या गाडीवानानेही काट्याआधी तोच प्रश्न विचारला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असते. उंदरांनी एक कोपरा कुरतडला आहे, उजवा नव्हे, डावा. वर्षातून एकदा मला आठवणीने ऊन दाखवा, तेवढ्याने माझे भागते. खाली ओसरीत निवडणुकीच्या दिवसांत माणसे येऊन बसतात, कुणी किती दिले आणि त्याला काय मिळाले याच्या गप्पा चालतात, आणि मी वरून कान देऊन ऐकते. मला तोंड नाही, पण तुम्हाला आहे. कुणी ऊब घेऊन आला तर ती जरूर घ्या, देणाऱ्याला घासभर जेवूही घाला. फक्त त्याआधी गोजरबाईसारखे एकदा विचारा, "मंग दिलं कुनी?"